रलयोरभेदः

मी १९९४ साली निवृत्त झालो, तेव्हापासून सकाळी दहा ते बारा या वेळात माझ्या ओटीवर माणसे कागद घेऊन बसलेली असत. जव्हारच्या शाळेत चौतीस वर्षे मी संस्कृत शिकवले. परंतु ही माणसे संस्कृतासाठी येत नसत. ती मोडीसाठी येत. वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे मोडी मला अक्षरओळखीबरोबरच आली होती. आणि त्या वर्षांत मोडी वाचणाऱ्याची गरज एकाएकी वाढली होती. मुलीला प्रवेश हवा तर जमातीचा दाखला हवा, दाखल्याला पडताळणी हवी, पडताळणीला पणजोबाच्या वेळचा कागद हवा, आणि पणजोबाच्या वेळचा कागद बहुधा मोडीत असे.

कागद मिळाला तरी आडनावापाशी गाडे अडे. डोंगरातला माणूस आपले नाव आपल्या बोलीत सांगणार, कोतवाल ते आपल्या कानाने ऐकणार, मास्तर आपल्या हाताने लिहिणार. तीन पिढ्यांत एका आडनावाची तीन रूपे होत. मला त्याचे नवल वाटत नसे. र आणि ल यांत भेद मानू नये, ड आणि ल यांत मानू नये, ब आणि व यांतही मानू नये, असे जुने पंडित सांगून गेले आहेत. रलयोरभेदः. त्यांनी ते काव्यातील श्लेषासाठी सांगितले. मी तोच नियम सरकारी कचेऱ्यांतून चालवीत असे, आणि अधिकारी माझ्या वयाकडे पाहून तो मान्य करीत.

हे सांगण्याचे कारण २००३ सालचा आषाढ. त्या प्रकरणातील आडनावाची जी रूपे मी पुढे देणार आहे, त्यांतील प्रत्येकात एखादा वर्ण मी हेतुपुरस्सर फिरवला आहे. मूळ रूप तर मुळीच देणार नाही.

हर्षदा माझ्याकडे आली तेव्हा दहा वाजले होते आणि धुक्यामुळे समोरचे कौलारू घर दिसत नव्हते. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर तिचे घर. शिक्षणासाठी ती जव्हारच्या वसतिगृहात राहिली होती. बारावी झाली होती आणि नाशिकला परिचारिकेच्या अभ्यासक्रमासाठी तिची निवड झाली होती. पडताळणीचा दाखला एकतीस जुलैपर्यंत दिला नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने चार कागद काढले. तिच्या शाळेच्या दाखल्यावर करवाडे. वडिलांच्या, म्हणजे ढवळूच्या, १९६८च्या शाळेच्या उताऱ्यावर कलवाडे. आजोबा बाळ्या यांच्या १९३९च्या जन्मनोंदीत करबाडे. आणि त्यांच्या वडिलांच्या नावे असलेल्या १९१७च्या जमिनीच्या कागदात करवाले. जमातीचे दाखले पडताळणाऱ्या समितीने विचारले होते की, ही माणसे एकाच घराण्यातील कशावरून?

"गुरुजी, एकानं तरी अक्षर नीट लिहायचं होतं," ती म्हणाली. "कॉलेजातले क्लार्क हसतात. म्हणतात, चार पिढ्या नाहीत, चार भाडेकरू आहेत."

"हसू दे. त्यांना अभेद ठाऊक नाही."

"अभेद म्हणजे?"

मी तिला नियम सांगितला. ती लक्ष देऊन ऐकत होती, आणि शेवटी तिने विचारलेला प्रश्न माझ्या चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. "मग त्यातलं खरं कुठलं, गुरुजी?"

नोंदींच्या प्रमाणित प्रती काढण्यासाठी मी स्वतः हिंडलो. प्रथम पाड्याच्या शाळेत ढवळूची १९६८ची नोंद पाहिली. त्याच्या नावासमोर समासात, बारीक अक्षरांत, मोडीत दोन शब्द होते : 'हे नव्हे'. बोरूने लिहिलेले. 'ह'ची शेपटी खाली नेऊन पुन्हा वर मुरडण्याची एक लकब त्यात होती. कुणा दक्ष तपासनिसाने चुकीच्या आडनावावर खूण केली असावी, असे मला वाटले आणि त्या अज्ञात माणसाबद्दल आदरही वाटला.

मोखाड्याला १९३९चे पुस्तक निघाले. बाळ्याच्या नोंदीसमोर तेच दोन शब्द. तीच मुरड.

१९१७च्या कागदावरही तेच.

एक्कावन्न वर्षांत एक माणूस तीन ठिकाणी लिहू शकतो; दीर्घायुषी कारकून मी पाहिले आहेत. मी पुन्हा शाळेत गेलो आणि हर्षदाची १९९१ची नोंद काढायला लावली. मुख्याध्यापकांनी पेटीचे कुलूप काढले, पान उघडले. करवाडे, हर्षदा ढवळू. समोर : 'हे नव्हे'.

"हे कोणी लिहिले?"

मुख्याध्यापकांनी डोळे बारीक केले. "मला तर गोचीड चिरडल्यासारखं दिसतंय."

"मोडी आहे."

"मोडी?" ते हसले. "गुरुजी, इथं देवनागरीचीच मारामार आहे. पेटीची किल्ली माझ्याच जानव्याला असते."

मी त्या अक्षरांवरून बोट फिरवले. शाई वाळलेली होती. परंतु कागद त्या जागी गार लागला. पावसाळ्यात कागद गार लागतोच.

वंशावळ घरच्या वडीलधाऱ्या माणसाकडून पडताळून घेण्याचा माझा परिपाठ होता. मोखाड्याहून जीपने आणि पुढे चिखलातून चालत मी हर्षदाबरोबर तिच्या घरी गेलो. ढवळू आणि सुकी, तिचे आईवडील, भाताच्या आवणीवरून नुकतेच परतून पावसाची बांबूची इरली भिंतीला टेकवीत होते. आजी गोजाबाई चुलीपाशी बसली होती. ती मला 'तू' म्हणे. तिच्या बोलीत आदरासाठी निराळे सर्वनाम नव्हते. आदर आवाजात असे.

मी कागद पसरून नावे वाचू लागलो तशी तिने हात वर केला.

"वाचू नको. जोडू नको ती, गुरुजी."

"आजी, चुकून वेगवेगळी लिहिली गेलेली नावं आहेत. ती मी नीट करतो आहे."

"चुकून?" ती ढवळूकडे बघून हसली. "आयकलास का? चुकून म्हनतो. माझ्या सासूनं माझ्या नवऱ्याचं नाव कोतवालाला मोडून सांगलं. मी याचं मास्तरला मोडून सांगलं. यानं पोरीचं सांगलं. एका अक्षराला धक्का द्यायचा. येळेवर ध्यानात ठेवून द्यायचा. चुकून नाय."

ढवळू खाली बघत म्हणाला, "व्हय. मीच सांगलं."

मूल जगावे म्हणून त्याचे नाव दगड किंवा धोंडा ठेवण्याची रीत मला ठाऊक होती. आडनाव मोडण्याची नव्हती. मी कारण विचारले.

"लिवणार येतो," गोजाबाई म्हणाली.

"कोण लिवणार?"

"दुपारचा येतो. वही काखंत. कुडाच्या भायेर उभा ऱ्हातो, आत येत नाय. इचारतो, अमक्याचं घर हेच का? ते नाव मागल्या पिढीचं असतंय. आपुन म्हनायचं, असा कोनी नाय इथं. अन् खरंच नाय ना! मग लिवतो कायतरी, न् जातो. माझ्यासमोर दोन येळा येऊन गेला."

"आणि खरं नाव विचारलं तर?"

तिने चुलीत लाकूड सारले. "खऱ्या नावाला नाय म्हनता येत नाय. तोंडातून ओ निघतंय."

"झालं!" हर्षदा उसळली. "आजी, तो तलाठी असेल, नाहीतर शिरगणतीवाला! तुझ्या भीतीपायी मी सीट सोडू? मग काय, भिवंडीकडं वीटभट्टीवर जाऊ?"

"भट्टीवरून मान्सा परत येतात," आजी म्हणाली.

सुकी उठली आणि तिने माझ्यापुढे बिनदुधाचा चहा ठेवला. हर्षदाच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते रागाचे होते. मी शिक्षक आहे. अशा प्रसंगी मी कोणाच्या बाजूने उभा राहणार हे ठरलेलेच होते. एका समंजस मुलीचे उभे आयुष्य एका वाळलेल्या भयापायी वाया जाऊ द्यायचे नाही, असे मी मनाशी म्हणालो. मी एवढेच विचारले, की बाळ्याच्या वडिलांच्याही मागे कोण होते?

गोजाबाईला ते सांगायचे नव्हते. ढवळूनेच सांगितले. बाळ्याच्या वडिलांची आई, ठकी, साखरशेताकडून, संस्थानच्या हद्दीतून, एकटी आणि पोटुशी डोंगर चढून आली. इकडे इंग्रजी मुलुख होता. तिच्या मागे घर उरले नव्हते. इकडच्या पाटलाने आडनाव विचारले, तेव्हा पहिला धक्का तिने दिला.

म्हणजे मूळ रूप त्यापलीकडे होते. येथे माझा मोह सुरू झाला, हे मला मान्य केले पाहिजे. समितीला चार कागद पुरले असते. पाचवा मला हवा होता.

साखरशेताकडचे जुने रुमाल जव्हारला होते. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेले मोडी दप्तर. तिसऱ्या दिवशी, सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी बसून मी शके १८२१चे, म्हणजे इसवी सन १८९९चे, मृत्यूचे पत्रक उघडले. एका तिथीखाली ओळीने नऊ नावे होती. पुरुष चार, बायका तीन, मुले दोन. सर्वांचे आडनाव एक. ते वाचताच माझ्या मनात चारही अपभ्रंश आपापल्या जागी जाऊन बसले. कोणता वर्ण केव्हा ढळला ते स्पष्ट दिसले. इतके सुंदर, सरळ व्युत्पन्न होणारे आडनाव मी या डोंगरात दुसरे पाहिले नव्हते. मी ते दोनदा मोठ्याने उच्चारले.

मग मी कारणाचा रकाना वाचला. नऊही ओळींत तेच : 'ओ दिली'.

पटकीच्या साथीत कारकून संक्षेप करीत. 'ओ' म्हणजे ओकारी, असा मी अर्थ लावला. 'दिली' हे क्रियापद त्या अर्थाशी जुळत नव्हते. गोजाबाईचे बोलणे मला आठवले नाही, असे मी म्हणणार नाही. आठवले. मी ते बाजूला सारले.

समासात तीच मुरड होती. शब्द मात्र एकच होता : 'हेच'.

मी रुमाल बांधून जागेवर ठेवला. तरीही घरी येऊन मी मसुदा लिहिला. 'मूळ आडनाव अमुक. करवाले, करबाडे, कलवाडे, करवाडे हे त्याचेच अपभ्रंश. उपरोक्त सर्व व्यक्ती एकाच घराण्यातील असून हल्ली सदर घराणे अमुक पाड्यावर राहते.' ओळखदार म्हणून खाली माझे नाव घातले. सोमवारी तो कागद शरीफकडे दिला.

शरीफचे झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान बाजारपेठेच्या टोकाला होते. त्याचे वडील माझ्या वडिलांसाठी दप्तरे शिवून देत.

"गुरुजी, तुमचा तो रलयो आमच्या घरी पण घुसलाय," मसुदा वाचून तो म्हणाला. "रेशनकार्डावर मी शरीफ, लाइटबिलावर सरीफ, आणि मतदारयादीत बायकोची, शबानाची, शबनम केली. ती म्हणते, कोण ही शबनम? दोन दिवस जेवण नाही."

मी हसलो. त्या प्रकरणात ते माझे शेवटचे हसणे.

मंगळवारी सकाळी आठ वाजता मी सही करायला गेलो. पाऊस सरळ आणि जाड पडत होता. शरीफने छापलेला कागद पुढे केला आणि माझी दृष्टी आपोआप चुकीवर गेली.

"शरीफ, मूळ आडनावातले दुसरे अक्षर दीर्घ आहे. तू ऱ्हस्व केलेस."

"अरे, बदलतो की. दोन मिनिटं." मग तो थांबला. "पण साहेब तर तीच प्रत घेऊन गेले."

"कोणते साहेब?"

"कमिटीचे. तुम्हीच पाठवले ना? मी शटर वर करतोय तोवर दारात उभे. म्हणाले, यादी पूर्ण झाली का? मी म्हटलं, झाली. एक प्रत दिली. पहिली प्रिंट त्यांनी बघून परत ठेवली, ती ही."

त्याने टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. चार अपभ्रंशांसमोर चार ठिकाणी लिहिले होते : 'हे नव्हे', 'हे नव्हे', 'हे नव्हे', 'हे नव्हे'. मूळ आडनावासमोर काही नव्हते. तेथे बोरू टेकवून उचलल्याचा केवळ एक ठिपका होता. तो ओला होता.

"कसे दिसत होते?"

"कसे म्हणजे... साहेबासारखे. वही काखेत." शरीफने दाराकडे पाहिले. तो हिंदीत बोलू लागला, जसा तो घाबरला की बोलत असे. "गुरुजी, छाता नहीं था उनके पास. इतनी बारिश. और मेरा काउंटर सूखा है."

"घर कुठे, ते विचारले का?"

"विचारलं नाही," तो म्हणाला. "कागदावर तुम्हीच लिहिलंय ना."

मोखाड्याला जाणाऱ्या जीपमध्ये चौदा माणसे होती. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहत होतो, आणि आपण काय पाहत आहोत हे स्वतःलाच सांगत नव्हतो. दुसरी जीप सूर्यमाळच्या चढावर धुक्यात शिरली. पुढे मी चाललो. पाड्यावर पोहोचलो तेव्हा माझ्या घड्याळात बाराला दहा मिनिटे होती. अंगणात हर्षदा उभी होती. तिने धुतलेला पोशाख घातला होता, केस चापून बसवले होते, आणि हातात ती प्लॅस्टिकची पिशवी होती.

"गुरुजी! बरं झालं आलात. समितीचे लोक घरी चौकशीला येतात ना? आज कुणीतरी येणार असं वाटतंय."

"तुला कोणी सांगितले?"

ती गोंधळली. "कुणी नाही. सकाळपासून वाटतंय."

मी तिला आत नेले. गोजाबाईने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तिला काही सांगावे लागले नाही. ढवळू आणि सुकी भिंतीला टेकून बसले होते. त्या दिवशी ते शेतावर गेले नव्हते.

"पोरी," आजी म्हणाली, "त्यानं कायबी इचारलं तरी म्हनायचं, असा कोनी नाय."

"आणि खरंच समितीचे असले तर? मी नाही म्हटलं की संपलं, आजी. माझा दाखला गेला."

"हर्षदा," मी म्हणालो, "आज नाही म्हण. दाखल्याचे मी पाहीन. माझ्यावर विश्वास ठेव."

तिने माझ्याकडे पाहिले. अभेद समजावून सांगताना जसे पाहिले होते, तसेच. मग तिने पिशवी जमिनीवर ठेवली. एवढे करणे तिला किती जड गेले असेल, ते मी जाणतो.

पाऊस थांबला नव्हता, आवाज थांबला.

कौलांवरून पाणी गळत होते आणि ऐकू येत नव्हते. कुडाच्या फटीतून धुके दिसत होते. धुक्यात कुंपणापलीकडे कोणीतरी उभे होते. काखेत वही होती. चेहरा होता. मी तो पाहिला, आणि मला त्यातले काहीही सांगता येत नाही.

"करवाले यांचे घर हेच का?"

आवाज सौम्य होता. शिकलेल्या माणसाचा.

"असा कोनी नाय इथं," गोजाबाई म्हणाली.

"करबाडे?"

"नाय."

"कलवाडे?"

ढवळू म्हणाला, "नाय." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"करवाडे?"

हे हर्षदाचे होते. तिने डोळे मिटले. दाखला, नाशिक, पांढरा पोशाख, सगळे त्या मिटलेल्या डोळ्यांमागे होते. "असं कोणी नाही," ती म्हणाली.

वहीचे पान उलटल्याचे ऐकू आले. दुसरे काहीच ऐकू येत नसताना ते एवढेच ऐकू आले.

मग त्याने मूळ आडनाव घेतले.

सावकाश, एकेक अक्षर सुटे करून. पहिले अक्षर बरोबर. दुसरे ऱ्हस्व.

गोजाबाईच्या चेहऱ्यावर प्रथम काहीच नव्हते. मग तिला कळले, आणि तिने श्वास सोडला. त्याच्याजवळ नाव चुकीचे होते. तिने 'नाय' म्हणण्यासाठी तोंड उघडले.

माझ्या देहात तेव्हा भीतीशिवाय काही नव्हते. बुद्धी नव्हती, स्मरण नव्हते. आणि माणसात काहीच उरत नाही तेव्हा सवय उरते. चौतीस वर्षे, दिवसातून सहा तास, चुकीचा उच्चार कानी पडला की जे माझ्या तोंडून निघाले, तेच निघाले. कुजबुजीपेक्षा मोठे नव्हते.

"दीर्घ," मी म्हणालो.

गोजाबाई माझ्याकडे वळली. तिने मला शाप दिला नाही. नुसती पाहत राहिली.

बाहेर बोरू कागदावर चालल्याचा आवाज आला.

मग त्याने नाव पुन्हा घेतले. निर्दोष.

"ओ," ढवळू म्हणाला.

"ओ," सुकी म्हणाली.

"ओ," गोजाबाई म्हणाली, आणि आपल्याच तोंडावर हात दाबला.

हर्षदा माझ्याशेजारी होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी त्यांच्याकडेच पाहत होतो. तिचा आवाज मला तरीही ऐकू आला.

पावसाचा आवाज परत आला. कुंपणापाशी कोणी नव्हते.

त्यानंतर काहीही घडले नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचे नऊ दिवस मी याच वाक्याच्या आधारावर काढले. सुकीने चहा ठेवला. हर्षदाने विचारले, "झाली का चौकशी?" आणि मी तिला म्हणालो, झाली. ती मला वाटेपर्यंत सोडायला आली. निघताना वाकून नमस्कार केला. तिचे हात माझ्या पायांना लागले, ते कागदासारखे गार होते.

शरीफने दुरुस्त केलेला कागद घ्यायला ती आली नाही. जीपवाल्याकडून निरोप पाठवला. तो म्हणाला, घर ठीक आहे, धूर निघताना पाहिला. मी रोज संध्येच्या वेळी त्या चौघांसाठी प्रार्थना करीत असे. प्रार्थनेत त्यांची नावे घेण्याचे धैर्य मला झाले नाही.

चोवीस जुलैला समितीचे खरे अधिकारी पाड्यावर गेले. ओळखदार म्हणून त्यांच्या अहवालाची एक प्रत मला टपालाने आली. ती मी जशीच्या तशी उतरवतो. केवळ आडनाव गाळतो.

'अर्जदाराचे घर आतून कडी लावलेले आढळले. हाका मारूनही कोणी बाहेर न आल्याने पोलीस पाटलांच्या समक्ष दार उघडण्यात आले. घरात कोणीही नव्हते. चूल पेटलेली होती व तीवर पेज शिजत होती. कुटुंबातील चारही व्यक्ती दिनांक १५ पासून कोणाच्या दृष्टीस पडलेल्या नाहीत. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की, दररोज दुपारी बाराच्या सुमारास सदर घरातून नावे पुकारल्याचा आवाज येतो व चार जण त्यास ओ देतात. त्या चौघांखेरीज आणखी एक आवाज ऐकू येतो. तो वृद्ध पुरुषाचा असून, पुकारणाऱ्याचे उच्चार दुरुस्त करीत असतो.'